मायना

पहिल्या शनिवारी आलेली पत्रं
एकाच पेनानं लिहिल्यासारखी होती.
ती. बाईंना सा. न. वि. वि.
पुस्तक वाचले. पुस्तक खूप आवडले.
यातून आपल्याला असा बोध मिळतो की...
लेंगऱ्याची शाळा, सातवीचा वर्ग,
एकतीस पत्रं, एकतीस बोध,
त्यातले एकोणीस प्रामाणिकपणाचे.

दोष त्यांचा नव्हता.
बावीस वर्षं हा नमुना मीच फळ्यावर लिहीत आले:
उजव्या कोपऱ्यात दिनांक, डावीकडं मायना,
पाच गुण, त्यातला एक सहीला.

सोमवारी फळा पुसला.
म्हटलं, बोध ठेवा घरी.
कुठं थांबलात ते लिहा,
कुठलं पान दोनदा वाचलंत, कुणाचा राग आला,
वाचता वाचता चुलीवर काय करपलं.
"बाई, हे परीक्षेला येतं?"
नाही.
"मग किती ओळी?"

बिरुदेवनं लिहिलं,
पुस्तकातल्या मेंढक्याला मेंढरं राखता येत नाहीत.
पावसात कोकरू कोण बाहेर ठेवतं?
लेखकाला आमच्या तळावर आठ दिवस पाठवा.
सानिया शिकलगारनं लिहिलं,
एक्केचाळीसवं पान फाटलेलं होतं,
मी ते मनानं लिहून चिकटवलंय.
पुढं जो वाचंल त्याला सांगू नका.
(मी वाचलं.
बेचाळिसाव्यापेक्षा बरं होतं.)

रेवती निकमच्या मायन्यात मी नव्हतेच.
प्रिय पप्पा, असं होतं.

आमच्याकडं निम्म्या घरांतले बाप
सोनं गाळायला लांब असतात,
कोईमतूर, कटक, आग्रा.
सराफकट्ट्यावरची झाडलोट विकत घ्यायची,
जाळायची, धुवायची,
आणि तळाशी उरेल ते कणभर पिवळं.
रेवतीचे कन्नूरला. अकरा वर्षं झाली.
फोन रोज येतो:
जेवलीस का, अभ्यास कर, आईकडं दे.

"पप्पा, पुस्तकात दीपगृह राखणारा एक म्हातारा आहे.
त्याचा दिवा रात्रभर फिरतो असं लिहिलंय.
तुमच्याकडं समुद्र आहे ना?
खरंच फिरतो, का लेखकाचं आपलं काहीतरी?
बघून कळवा."

गुण दिले नाहीत.
पाकिटात घातलं, पाच रुपयांचं तिकीट लावलं.
पोस्टमन किसनअण्णांनी ते दोनदा उलटंपालटं केलं.
"बाई, नोटीस कुणाला?"

त्या रात्री मीही बसले,
नुकतंच संपवलेलं पुस्तक उशाला होतं.
दिनांक घातला.
'प्रिय' लिहिलं.
पुढं कोण, ते अकरा वाजले तरी सुचेना.
दिवा घालवला.

उत्तर अठराव्या दिवशी आलं,
दुकानाच्या बिलबुकाच्या पाठकोऱ्या कागदावर.
कोपऱ्यात काजळीचा अंगठा.
आयुष्यभर फक्त आकडे लिहिलेल्या माणसाचं अक्षर,
प्रत्येक ओळ उताराला लागलेली.
रेवतीनं वर्गात उभं राहून वाचलं:

"चि. रेवतीस,
फिरतो.
अकरा वर्षांत कधी गेलो नव्हतो, रविवारी गेलो.
अंधार पडेस्तोवर थांबलो.
उजेड एकदा गेला की परत येईपर्यंत
पंधरा अंक होतात. तीनदा मोजले.
वाळूत एक जण म्हणाला, काय मोजताय?
म्हटलं, पोरीनं विचारलंय."

वर्गात कुणीतरी डोळे मिटून पुटपुटायला लागलं,
एक, दोन, तीन,
मग सगळेच,
आणि पंधराला कुणाचाही आवाज नव्हता.

पत्रात दीपगृह दोनदा चुकलं होतं, दोन्ही वेळा वेगळं.
लाल पेनाचं टोपण मी काढलं नाही.

"म्हाताऱ्याचं पुढं काय झालं
ते तू लिहिलंच नाहीस.
ता. क. दुसरं कुठलं पुस्तक घेतलंस तेही कळव.
समुद्राचंच पाहिजे असं नाही."